कॉम्प्रेसर घ्यावा कीं न घ्यावा?

गेल्या पावसाळ्यांत दहावीच्या वर्गांतील एक विद्यार्थी मधल्या सुटींत आमच्यापाशीं आला. दोन वर्षें सांठविलेले खाऊचे पैसे व एका स्पर्धेंत मिळालेलें बक्षीस एवढी त्याची पुंजी होती. आणि त्या पुंजींतून आपल्या इलेक्ट्रिक गिटारीसाठीं कॉम्प्रेसर नांवाचें पेडल विकत घ्यावें असा त्याचा मनोदय होता. स्नेहसंमेलनांत त्याचें वादन ऐकून कोणीसें म्हणालें होतें, “तुझे कांहीं सूर कानांत शिरतात आणि कांहीं ऐकूंच येत नाहींत. कॉम्प्रेसर घे, म्हणजे सारें ठीक होईल.” वडिलांनीं “सर म्हणतील तसें कर” असें सांगून त्यास आमच्याकडे पाठविलें होतें.

त्या वस्तूचें नांव आम्हीं ऐकलें होतें. ती काय करिते हें मात्र आम्हांस ठाऊक नव्हतें. परंतु “ठाऊक नाहीं” हे दोन शब्द शिक्षकाच्या तोंडून सहजासहजीं बाहेर पडत नाहींत. आम्हीं म्हटलें, “असल्या चैनीच्या वस्तूंवर पैसा उधळूं नकोस. आधीं हात सुधार.” मुलगा “बरें, सर” म्हणून खालमानेनें निघून गेला. सायंकाळीं घरीं आल्यावर आमचें मन आम्हांस खाऊं लागलें. ज्या वस्तूची माहिती नाहीं तिला चैन म्हणून मोकळें होणें हा निर्णय नव्हे, तो केवळ आळस होय. दुसऱ्या दिवशीं आम्हीं त्यास बोलावून तसें सांगितलें, व दोघांनीं मिळून या यंत्राचा अभ्यास करण्याचें ठरविलें. त्या अभ्यासांतून जें हातीं आलें तें येथें मांडीत आहों. प्रश्न एका मुलाचा व एका पेडलाचा असला, तरी कोणतीही वस्तु विकत घेण्यापूर्वीं विचार कसा करावा हा प्रश्न आपणां सर्वांचाच आहे.

प्रथम हें यंत्र काय करितें तें पाहूं. इलेक्ट्रिक गिटारीच्या पोलादी तारांखालीं लोहचुंबक व त्याभोंवतीं तांब्याच्या अत्यंत बारीक तारेचें वेटोळें असतें. यास पिकप म्हणतात. वरची तार कांपूं लागली कीं वेटोळ्यांत विजेचा क्षीण दाब उत्पन्न होतो. मायकेल फॅरेडे यानें १८३१ सालीं विद्युत्प्रवर्तनाचा जो नियम शोधून काढिला व जो तुम्ही विज्ञानाच्या तासाला शिकतां, त्याचेंच हें काम. नखीनें तार जोरानें छेडली तर दाब मोठा, हळूच छेडली तर लहान. हा दाब वायरींतून अँप्लिफायरकडे जातो व तेथून आपणांस ऐकूं येईल असा मोठा होऊन बाहेर पडतो. कॉम्प्रेसर या दोहोंच्या मध्यें, वाजविणाऱ्याच्या पायाशीं बसतो. येणारा दाब तो सतत पाहत असतो, व तो फार वाढला कीं त्यास आवरून धरितो.

सभेंत ध्वनिवर्धक सांभाळणारा मनुष्य तुम्हीं पाहिला असेल. वक्ता आवेशानें ओरडूं लागला कीं तो बटण मागें फिरवितो. वक्ता पुटपुटूं लागला कीं पुढें सरकवितो. कॉम्प्रेसर हा तसाच एक राखणदार आहे. भेद इतकाच कीं माणसाच्या हातास जें करावयास अर्धा सेकंद लागेल, तें हा सेकंदाच्या कांहीं हजारांश भागांत करूं शकतो.

आतां हें आंकड्यांनीं समजून घेऊं. आवाजाचा लहानमोठेपणा डेसिबेल या परिमाणानें सांगतात. विजेचा दाब दुप्पट झाला कीं सुमारें ६ डेसिबेल वाढ होते, चौपट झाला कीं सुमारें १२, व दसपट झाला कीं २० डेसिबेल. कॉम्प्रेसरास एक उंबरठा ठरवून दिलेला असतो. उंबरठ्याखालचा नाद तो जसाचा तसा जाऊं देतो. उंबरठा ओलांडणाऱ्या नादास ठराविक प्रमाणांत दाबतो. समजा, हें प्रमाण ४ : १ आहे. एक सूर बरोबर उंबरठ्यावर आहे, व दुसरा त्याहून १२ डेसिबेल वर, म्हणजे दाबाच्या हिशेबानें पहिल्याच्या चौपट. यंत्रांतून बाहेर पडतांना हा दुसरा सूर उंबरठ्याहून केवळ ३ डेसिबेल वर राहील, म्हणजे पहिल्याच्या सुमारें १.४ पट. चौपटीचें अंतर दीडपटीच्याही आंत आलें. मोठा सूर ९ डेसिबेल खालीं आल्यामुळें वादन हळू भासूं लागतें. म्हणून शेवटीं सर्वच आवाज तितका वर उचलतात. मोठा सूर पूर्वीच्या जागीं परत येतो आणि लहान सूर ९ डेसिबेल वर चढतो.

याचा गुण काय? हळूच छेडलेली तार बुडून जात नाहीं. शिवाय, छेडलेली तार हळूहळू मंदावत असतां आवरलेला हात यंत्र तितकाच सैल करीत जातें. म्हणून सूर ओसरत आहे हें कानास लवकर कळत नाहीं व तो अधिक वेळ टिकल्यासारखा वाटतो. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. तारेंत जेवढी शक्ति आपल्या बोटांनीं घातली तेवढीच असते. यंत्र तारेला अधिक वेळ कांपवीत नाहीं. तें केवळ तिचें मंदावणें झांकून ठेवितें.

आणि दोष काय? तोही त्याच ९ डेसिबेलांत आहे. लहान सूर वर चढला त्याबरोबर पिकपमधील घरघर, नखीचें खरखरणें, बोट तारेवरून सरकतांना होणारा चरचराट हेंही सारें तितकेंच वर चढलें. वादन थांबलें कीं ही घरघर उसळून वर येते. ज्याच्या घरीं दिव्यांच्या व पंख्याच्या वायरिंगमुळें गिटार आधींच गुणगुणत असेल, त्यानें ही गोष्ट विशेष लक्षांत घ्यावी.

या यंत्रास वेळेचाही एक हिशेब असतो. मोठा नाद आल्यावर तें किती त्वरेनें आवरतें, यास अॅटॅक म्हणतात. व नाद ओसरल्यावर किती त्वरेनें सोडून देतें, यास रिलीज. आवरण्यास किंचित् उशीर केला तर नखीचा पहिला टणत्कार निसटून जातो व मागचा सूर तेवढा आवरला जातो. त्यामुळें वादन टवटवीत वाटतें. फार त्वरा केली तर तो टणत्कारच चेपला जातो व सूर बोथट होतो. सोडण्यास फार उशीर केला तर एका जोरदार सुरामागून येणारे चार नाजूक सूर विनाकारण दाबले जातात. आणि फार घाई केली तर आवाज धापा टाकल्यासारखा वरखालीं होतो.

हा सारा प्रकार परका वाटत असेल तर आपली बाजाची पेटी पाहा. पेटीवाला हातानें भाता हालवितो तो झटक्याझटक्यानें. तरी सूर सारखा निघतो. याचें कारण बाहेरच्या भात्याखेरीज पेटीच्या पोटांत दुसरा एक भाता असतो. बाहेरचा भाता त्यांत वारा भरतो, व स्प्रिंगांच्या दाबानें तो वारा सुरांकडे समप्रमाणांत सोडला जातो. हाताचे झटके त्यांत जिरून जातात. परंतु युरोपांतील जुन्या पायपेटींत एक्स्प्रेशन नांवाची एक खुंटी असे. ती ओढली कीं वारा त्या सांठवणीच्या भात्यास वगळून थेट सुरांकडे जाई, व पायाचा दाब किंचित् कमीअधिक झाला तरी तो सुरांत उमटे. ती खुंटी ओढून वाजविणें कठीण. पाय चुकला कीं सूर डळमळला. पण सुरांत चढउतार, आर्जव, आवेश आणावयाचा असेल तर तीच ओढावी लागे. कारागिरांनीं दोन्ही सोयी एकाच पेटींत ठेविल्या, कारण वादकास कधीं एक हवी असते, कधीं दुसरी. कॉम्प्रेसर घ्यावा कीं नाहीं हा प्रश्न मुळांत हाच आहे: सारखेपणा हवा कीं चढउतार?

या यंत्राचा जन्म गिटारीसाठीं झाला नाहीं. रेडिओच्या आरंभींच्या काळांत गायकानें एकदम आवाज चढविला कीं प्रक्षेपणयंत्रावर मर्यादेबाहेर भार पडे व ध्वनि फाटे. म्हणून एक मनुष्य बटणावर हात ठेवून बसत असे. १९३० च्या दशकांत हें काम आपोआप करणारीं यंत्रें अमेरिकेंतील रेडिओ व चित्रपटांच्या धंद्यांत आलीं. पुढें १९६० च्या दशकांत कॅलिफोर्नियांतील जिम लॉरेन्स याच्या टेलेट्रॉनिक्स एलए-२ए या यंत्रानें मोठें नांव मिळविलें. त्याची रचना विद्यार्थ्यांस मनोरंजक वाटेल. आंत एक लहानसा प्रकाशक असतो. ध्वनि मोठा झाला कीं तो अधिक उजळतो. त्यासमोर प्रकाशानें ज्याचा विद्युत्-रोध घटतो असा एक पदार्थ ठेविलेला असतो; रोध घटला कीं ध्वनि आवरला जातो. १९६७ सालीं बिल पुटनम यानें ट्रान्झिस्टरच्या साहाय्यानें अतिशय त्वरेनें आवरणारें ११७६ हें यंत्र काढलें.

गिटारवादकांस या यंत्राची गोडी स्टुडिओंतच लागली. १९६५ सालीं ‘बर्ड्स’ या अमेरिकन वाद्यवृंदाचें ‘मिस्टर टँबोरिन मॅन’ हें गीत प्रसिद्ध झालें. त्यांतील रॉजर मॅग्विन यांच्या बारा तारांच्या रिकनबॅकर गिटारीचा झंकार इतका लांबट व सारखा ऐकूं येतो, याचें एक मोठें कारण स्टुडिओंतील कॉम्प्रेसर हें होय. १९७० च्या दशकांत न्यूयॉर्क राज्यांतील रॉचेस्टर येथील एमएक्सआर या मंडळीनें डायना कॉम्प नांवाचें लहानसें पेडल काढलें. त्यावर दोनच बटणें: एक आवरण्याचें, दुसरें आवाज उचलण्याचें. १९८६ सालीं जपानी बॉस मंडळीनें सीएस-३ काढलें. त्यावर चार बटणें आहेत. आज अशीं पेडलें अनेक मंडळ्या करितात. कांहींत ब्लेंड नांवाचें आणखी एक बटण असतें. त्यानें मूळचा सूर व आवरलेला सूर यांचें हवें तसें मिश्रण करितां येतें.

आतां खरेदीचा विचार. आमच्या मतें चार प्रश्नांचीं प्रामाणिक उत्तरें दिल्यावांचून दुकानाची पायरी चढूं नये.

पहिला प्रश्न: तुम्ही कोणत्या जातीचें वादन करितां? ज्यांची गिटार डिस्टॉर्शनमधून, म्हणजे मुद्दाम फाडलेल्या आवाजांत वाजते, त्यांस या पेडलाची गरज बहुधा नसते. आवाज फाटतो म्हणजे काय होतें? दाबाचीं शिखरें कापलीं जातात, मोठें व लहान यांतील अंतर घटतें. म्हणजे डिस्टॉर्शन हाच एक ओबडधोबड कॉम्प्रेसर आहे. जुन्या व्हॉल्व्हचे अँप्लिफायर जोरानें वाजविले असतां तेही स्वभावतःच असेंच करितात. उलट, ज्यांचा सूर स्वच्छ असतो, जे तुटक तालबद्ध ठोके वाजवितात, एकेक तार बोटांनीं छेडून साथ करितात, किंवा तारेवर कांचेची नळी सरकवून लांब सूर काढतात, त्यांस या यंत्राचा खरा उपयोग होतो. ‘लिटल फीट’ या वृंदांतील लोवेल जॉर्ज यांचें नळीनें वाजविलेलें लांब स्वरांचें काम याच यंत्राच्या आधारानें प्रसिद्ध आहे.

दुसरा प्रश्न: असमानता येते कोठून? ती हातांतून येते, तशीच वाद्यांतूनही येते. एखादी तार नेहमींच मोठी वाजत असेल तर पिकपची उंची पाहावी. १९५४ च्या स्ट्रॅटोकॅस्टर गिटारीच्या पिकपचे चुंबक कमीअधिक उंचीचे ठेविलेले होते, कारण त्या काळीं तिसऱ्या तारेवर दुसरी बारीक तार गुंडाळलेली असे. आज ती तार बहुधा साधी असते. म्हणून तशा धर्तीच्या पिकपवर ती इतरांपेक्षां मोठी वाजते. जुनाट व गंजलेल्या ताराही असमान बोलतात. हे दोष पेडलानें झांकतील, जाणार नाहींत.

तिसरा प्रश्न: तुमच्या वादनांत चढउतार हवा आहे काय? हळू आरंभ करून शेवटीं भरून येणारें गीत तुम्ही वाजवीत असाल, तर तो चढउतार हाच त्या गीताचा प्राण आहे. तो पुसून टाकणारें यंत्र पैसे देऊन कां आणावें?

चौथा प्रश्न: पैसे देण्यापूर्वीं परीक्षा केली काय? ही परीक्षा फुकट करितां येते. अनेक अँप्लिफायरांत व अनेक परिणाम एकत्र असलेल्या यंत्रांत कॉम्प्रेसर आधींच बसविलेला असतो. तोही नसेल तर संगणकावर ऑडॅसिटी नांवाचा विनामूल्य प्रोग्रॅम घ्यावा. त्यांत कॉम्प्रेसर आहे. आपलें वादन मुद्रित करावें, एक प्रत तशीच ठेवावी, दुसरीवर कॉम्प्रेसर चालवावा, आणि दोन्ही प्रती सारख्याच आवाजावर आणून ऐकाव्या. हा शेवटचा नियम फार महत्त्वाचा आहे. कारण जी प्रत किंचित् मोठी वाजते तीच कानास चांगली वाटते, आणि दुकानांत गिऱ्हाइकाची फसगत पुष्कळदां येथेंच होते.

आम्हीं दोघांनींही प्रथम एक चूक केली. मोबाइल फोनवर मुद्रण केलें, व ऐकतों तों असमानता जवळजवळ नाहींच! मुलगा आनंदला. मागाहून उमगलें कीं पुष्कळ फोन मुद्रण करितांना स्वतःच आवाज सारखा करून घेतात. म्हणजे कॉम्प्रेसर हवा कीं नको हें आम्ही दुसऱ्या एका कॉम्प्रेसरास विचारीत होतों! मग शाळेच्या संगणकावर नीट मुद्रण केलें. तेव्हां तीन गोष्टी दिसल्या. तिसरी तार सर्वत्र मोठी होती. सुदैवानें त्याच्या गिटारीच्या पिकपला फिरते स्क्रू होते, व एका लहानशा स्क्रूड्रायव्हरनें तो दोष पुष्कळसा गेला. दुसरें, खालून वर येणारा त्याचा ठोका दुबळा होता. तिसरें आम्हांस अनपेक्षित होतें: कॉम्प्रेसर चालविल्यावर आवाज सारखा झाला खरा, परंतु जे ठोके तालाच्या मागें पडत होते ते आतां अधिकच स्पष्ट ऐकूं येऊं लागले. पूर्वीं ते हळू असल्यामुळें लपत होते. यंत्रानें एक दोष झांकला आणि दुसरा उघडा केला.

मुलगा बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “सर, हें तर माझ्याच हाताचें आहे.” त्यानें नव्या तारा घेतल्या, उरलेले पैसे बँकेंत ठेविले, व रोज अर्धा तास लयीच्या यंत्राबरोबर वर-खालीं ठोक्यांचा सराव सुरू केला. आमचें पहिल्या दिवसाचें “हात सुधार” हें वाक्य शेवटीं खरेंच ठरलें. परंतु त्या दिवशीं आम्हीं तें न समजतां बोललों होतों, आणि त्यानें तें ऐकून सोडून दिलें होतें. या वेळीं तें त्याच्या स्वतःच्या कानांनीं त्यास सांगितलें.

यानंतर तीनचार महिन्यांनीं नववींतील एक विद्यार्थिनी हाच प्रश्न घेऊन आली. ती गायनवृंदाबरोबर स्वच्छ सुरांत बोटांनीं साथ करिते. तिची तीच परीक्षा घेतली. हात समान, तारा नव्या, पिकप नीट. तरी सभागृहांत तीस कंठ एकदम गाऊं लागले कीं तिच्या सुरांची शेपटी त्यांत बुडून जाई. अगदीं सौम्य प्रमाणांत कॉम्प्रेसर चालविल्याबरोबर ती शेपटी वर आली, आणि साथ भरून वाटूं लागली. आम्हीं तिला “अवश्य घे” असें सांगितलें. तिनें जुनें पण चांगल्या स्थितींतील पेडल घेतलें. त्याबरोबर त्याच दाबाचा व योग्य ध्रुवांचा अॅडॅप्टर घेण्यास सांगावयास आम्ही विसरलों नाहीं. कारण अशा पेडलांस बहुधा ९ व्होल्टचा व आंतला ध्रुव ऋण असलेला अॅडॅप्टर लागतो, व उलट ध्रुवांचा लावल्यास यंत्र जळण्याचें भय असतें.

मग त्या मुलाचे वडील आम्हांस रस्त्यांत भेटले. म्हणाले, “सर, आमच्या पोराला नको म्हणालांत, आणि त्या मुलीला हो म्हणालांत. हें कसें?” प्रश्न रास्त होता, व त्याचें उत्तर देणें आमचें कर्तव्य होतें. आम्हीं म्हटलें, “काका, औषध एकच, पण दुखणें निराळें. तिला जें हवें होतें तें त्या यंत्रापाशीं आहे. याला जें हवें होतें तें यंत्रापाशीं नव्हतें; तें त्याच्यापाशींच होतें.” ते क्षणभर थांबले व म्हणाले, “म्हणजे पैसे वांचले ते वांचले, आणि पोरगं रोज वाजवतंय तें वेगळंच.”

विद्यार्थिमित्रहो, कॉम्प्रेसर हें वाईट यंत्र नव्हे. ज्या हातानें लहान व मोठें वाजवितां येतें, आणि जो कांहीं कारणानें सारखेपणा निवडतो, त्या हाताचा तें उत्तम सेवक आहे. ज्या हातास अद्याप निवड करितां येत नाहीं, त्यास तें निवड शिकवीत नाहीं. उलट कोणता ठोका दुबळा पडला हें कानास सांगणारी खूणच काढून घेतें. म्हणून सरावाच्या वेळीं तें बंद ठेवावें, अशी सूचना त्या मुलीसही आम्हीं दिली आहे, व ती ती पाळते.

पालकांस एवढीच विनंति कीं मुलानें वस्तु मागितली असतां ‘हो’ किंवा ‘नाहीं’ म्हणण्यापूर्वीं दोन प्रश्न विचारावे: तूं कोणती उणीव भरून काढूं पाहतोस? आणि ती उणीव आहे हें तुला कसें कळलें? दुसऱ्याचें उत्तर “अमुक म्हणाला” असें आलें, तर मुलाबरोबर बसून ती उणीव आपल्या कानांनीं ऐकावी. त्यास एखादी सायंकाळ लागेल. तेवढी आम्हीं पहिल्याच दिवशीं दिली असती, तर त्या मुलास खालमानेनें परत जावें लागलें नसतें.